पाडळीचा कारखानदार, मुंबईचा पंतप्रधान

१ एप्रिल १९३७ रोजी काँग्रेसने देशभर हरताळ पुकारला होता. १९३५ च्या कायद्याने आखलेला प्रांतांचा नवा कारभार त्या दिवशी सुरू होत होता, आणि निवडणुकीत सर्वांत जास्त जागा जिंकलेली काँग्रेस मुंबईत मंत्रिमंडळ बनवायला तयार नव्हती. गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून मंत्र्यांच्या कामात हात घालणार नाहीत, एवढी हमी आधी मिळावी, असा तिचा आग्रह होता. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांनी ती दिली नाही. त्यांनी साताऱ्याच्या एका पारशी कारखानदाराला बोलावणे पाठवले. सर धनजीशा बोमनजी कूपर यांनी त्या दिवशी शपथ घेतली आणि ते मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. प्रांताच्या प्रमुखालाही तेव्हा पंतप्रधानच म्हणत.

हे मंत्रिमंडळ साडेतीन महिने टिकले. इतिहासाच्या पुस्तकांत कूपर यांची नोंद बहुधा तेवढीच असते: काँग्रेस बाहेर थांबली तेव्हा सरकारने बसवलेले तात्पुरते पंतप्रधान. ही नोंद खोटी नाही, पण फार तोकडी आहे. सातारा आणि आजचा सांगली जिल्हा मिळून जो जुना मोठा सातारा होता, त्याच्या शेतात, बाजारात आणि लोकल बोर्डात या माणसाने जे उभे केले आणि जे बिघडवले, ते सचिवालयातल्या त्या साडेतीन महिन्यांहून कितीतरी मोठे आहे.

ते समजून घेण्यासाठी आधी पुण्याहून मिरजेला जाणारी जुनी मीटरगेज रेल्वे डोळ्यांसमोर आणावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेली ही वाट सातारा शहराला बाजूला ठेवून गेली. शहरापासून पंधराएक किलोमीटरवर, कोरेगाव तालुक्यात, जरंडेश्वराच्या डोंगराजवळ पाडळी नावाचे गाव आहे. तिथल्या स्टेशनला नाव मिळाले सातारा रोड. त्याच वाटेने दक्षिणेला गेले की औंध संस्थानाच्या हद्दीत कुंडल रोड हे स्टेशन लागे. या दोन आडबाजूच्या स्टेशनांवर महाराष्ट्रातले दोन मोठे नांगर कारखाने उभे राहिले. शहरे सोडून ते तिथे गेले, त्याला कारण रेल्वे. ओतकामाला बीड लागते, कोक लागतो, आणि हे दोन्ही पूर्व भारतातून येत असे. पुण्यापर्यंत रुंद रुळावरून यायचे, तिथे डबे बदलून अरुंद रुळावर चढवायचे आणि थेट कारखान्याच्या दारात उतरवायचे. तयार नांगरही त्याच गाडीने बाहेर जात.

कुंडल रोडची सुरुवात आधीची. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोडजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर कित्येक महिने पडून राहिले. लाकडी नांगराने वरची माती हलते, पण काळ्या रानात खोल गेलेली हरळी आणि कुंदा तसाच राहतो. लोखंडी फाळ खाली जाऊन ती मुळे उपसून काढतो, हे शेतकऱ्याने बांधावर उभे राहून डोळ्यांनी पाहिले तेव्हाच त्याचे मन वळले. पहिल्या महायुद्धात बीड मिळेनासे झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किर्लोस्करांना वितळवायला जुन्या तोफा दिल्या, ही त्या काळातली गोष्ट.

नांगर विकायचा तर कुणीतरी तो बैलगाडीत घालून गावोगाव न्यायला हवा, शेतात चालवून दाखवायला हवा. हे काम करणाऱ्यांत एक धिप्पाड तरुण होता. कुंभोजला जन्मलेला, वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या घराण्यातला, कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकलेला: भाऊराव पाटील. ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा मालही त्यांनी विकला, किर्लोस्करांचे नांगरही विकले. या फिरतीतच त्यांना दिसले की नांगर घेणाऱ्याला पावती वाचता येत नाही, सावकाराने कागदावर काय लिहिले ते कळत नाही. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. संस्थेचा उगम सत्यशोधक विचारात शोधला जातो आणि ते बरोबरच आहे. पण त्या विचाराला रोजचा पुरावा नांगराच्या फिरतीने पुरवला, याचा उल्लेख फारसा कुणी करत नाही.

सातारा रोडचा कूपर कारखाना १९२२ चा. धनजीशा मूळचे साताऱ्याचे, ब्राह्मणेतर चळवळीच्या वर्तुळात वावरणारे. भाऊराव त्याच वर्तुळातले, शिवाय नांगराच्या बाजाराची खडान्‌खडा माहिती असलेले. पाडळीचा कारखाना उभा राहताना ते कूपर यांच्याबरोबर होते. भाऊरावांच्या चरित्रांत या भागीदारीचे कारण सांगितले जाते: कारखान्याच्या नफ्यातला ठरावीक वाटा रयतेच्या पोरांच्या शिक्षणाला मिळायचा होता. तो मिळाला नाही. दोघांचे बिनसले, आणि भाऊराव कायमचे बाहेर पडले. १९२४ मध्ये त्यांनी संस्था साताऱ्याला आणली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

या ताटातुटीचा निवाडा चरित्रकारांनी एका बाजूने दिला आहे, आणि नीतीच्या दृष्टीने तो निवाडा पटण्यासारखाच आहे. शब्द दिला असेल तर तो पाळायला हवा होता. तरीही धंद्याच्या अंगाने एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ओतशाळेला पहिली काही वर्षे पैसा गिळण्याची सवय असते. साचे, भट्टी, लेथ, उधारीवर गेलेला माल, पाऊस चुकला की वसूल न होणारी रक्कम. कूपर यांच्यासमोर किर्लोस्करांसारखा कित्येक वर्षे आधी बाजारात उतरलेला, नाव कमावलेला प्रतिस्पर्धी होता. या चढाओढीत हातात आलेला पैसा ते पुन्हा कारखान्यात घालत गेले असतील, तर त्यांचा हिशोब समजू शकतो. पण त्या हिशोबात कूपर यांनी भाऊरावांसारखा माणूस गमावला. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी तूट हीच.

प्रबोधनकार ठाकरे यांचा अनुभवही असाच कडू. १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात 'प्रबोधन' हे आपले नियतकालिक घेऊन ते मुंबईहून काही काळ पाडळीला आले. छापखाना कूपर यांच्या आधाराने चालावा, असा बेत होता. तो जमला नाही. प्रबोधनकार पुण्याला गेले, आणि साताऱ्यातल्या कूपर यांच्या वर्चस्वावर त्यांनी पुढे आपली धारदार लेखणी चालवली. एकाच दशकात महाराष्ट्राचे दोन मोठे समाजसुधारक त्यांच्या दारात आले आणि दुखावून परतले. हा योगायोग मानता येत नाही. कूपर यांना माणसे जोडता येत होती, पण त्यांना बरोबरीने वागवणे जमत नव्हते, असेच त्यावरून दिसते.

मग त्यांचा जोर कशात होता? १९१९ च्या सुधारणांनी जिल्ह्याच्या राजकारणाची चावी लोकल बोर्डाकडे दिली. रस्ते आणि दवाखाने बोर्डाकडे होतेच, १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळाही स्थानिक संस्थांकडे आल्या. शिक्षकाची बदली, गावाचा रस्ता, विहिरीची मंजुरी, सगळे तिथे ठरे. सातारा जिल्हा तेव्हा सत्यशोधक चळवळीने ढवळून निघाला होता. गावोगाव लग्ने भटाशिवाय लागत, आणि आपला हक्क बुडाला म्हणून ग्रामजोशी कोर्टात दावे लावत. वकिली आणि सरकारी नोकऱ्या ब्राह्मणांच्या हातात, सावकारीही बरीचशी ब्राह्मण आणि गुजर-मारवाडी घरांच्या हातात. अशा जिल्ह्यात ब्राह्मणेतर पक्षाला पैसा, संघटन आणि साहेबाशी इंग्रजीत बोलू शकणारा माणूस हवा होता. कूपर यांच्याजवळ तिन्ही गोष्टी होत्या. जिल्हा लोकल बोर्डावर त्यांची पकड बसली आणि तिथून ते मुंबईच्या कौन्सिलात गेले.

इथे एक गोष्ट ठळकपणे दिसते. कूपर यांचा गिऱ्हाईक आणि त्यांचा मतदार एकच होता. कोरेगाव, खटाव, कऱ्हाड, वाळवा या पट्ट्यातला दोन-चार बैलजोड्या बाळगणारा कुणबी-मराठा शेतकरी नांगर विकत घेई, आणि जमिनीच्या साऱ्याच्या अटीमुळे मताचा अधिकारही बहुतांशी त्यालाच होता. भूमिहीन शेतमजूर, महार आणि मांग यांच्याकडे ना नांगर होता ना मत. कूपर यांचे राजकारण ज्या वर्गापाशी थांबले, त्यांचा बाजारही तिथेच थांबला. मुंबईतल्या गिरणीमालकाला किंवा पुण्यातल्या वकिलाला आपल्या मतदारांशी असे रोजचे नाते नव्हते. कूपर यांच्या कारखान्याचे नाव शेतकऱ्याच्या तोंडी नांगरासकट बसले होते. कूपर नांगर म्हटले की कोणता ते सांगावे लागत नसे.

१९२९ नंतर जागतिक मंदी आली आणि गूळ, भुईमूग, कापूस सगळ्यांचे भाव कोसळले. ज्या शेतकऱ्याला सारा भरायला पैसे नाहीत तो नवा नांगर कुठून घेणार? नांगरावर जगणाऱ्या दोन्ही कारखान्यांना दुसरा माल शोधावा लागला. किर्लोस्कर १९२० च्या दशकातच पंपांकडे वळले होते. उसाचे चरकही त्यांच्याकडे होतेच. कूपर यांनी धाडस केले ते तेलावर चालणाऱ्या इंजिनात. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सातारा रोडला डिझेल इंजिन तयार झाले. देशात बनलेल्या अगदी पहिल्या डिझेल इंजिनांत त्याची गणना होते.

ही गोष्ट केवढी होती, ते आज पटकन ध्यानात येत नाही. नांगर ओतता येणे वेगळे आणि इंजिन बनवता येणे वेगळे. नांगराच्या फाळात केसभर फरक पडला तर बैलाला कळतही नाही. इंजिनात सिलिंडर आणि पिस्टन यांच्यामध्ये तेवढाच फरक पडला तर दाब निसटतो आणि यंत्र सुरूच होत नाही. त्यासाठी बीड एकजिनसी हवे, आतून पोकळी न राहिलेले हवे, आणि लेथवर हात बसलेले कारागीर हवेत. हे कारागीर कुठल्या तंत्रशाळेतून आले नव्हते. पाडळी आणि आसपासच्या गावांतली पोरे साचा भरता भरता, भट्टी लावता लावता तयार झाली. इंजिन विहिरीवर बसले की मोटेचे चार बैल सुटत. तेच पट्ट्याने जोडले की गावात पिठाची गिरणी चाले, तेलाचा घाणा फिरे. माण-खटावसारख्या दुष्काळी भागात विहिरीला पाणी असूनही मोटेला बैल नाहीत, अशी घरे होती. त्यांच्यासाठी या यंत्राचा अर्थ काय होता, हे वेगळे सांगायला नको.

कारखाना इंजिनापर्यंत पोचत होता, त्याच वर्षांत मालक मुंबई सरकारात वर चढत होते. आधी मंत्रिपद, मग गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा, पुढे 'सर' हा किताब. साताऱ्यात मात्र पायाखालची जमीन सरकत होती. केशवराव जेधे यांच्यासारखे ब्राह्मणेतर पुढारी १९३० च्या सत्याग्रहानंतर काँग्रेसच्या बाजूला आले होते. सरकारशी सहकार्य करून बहुजनांचे भले साधायचे, हा जुना मार्ग तरुणांना पटेना. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने साताऱ्यातून आत्माराम बापू पाटील यांच्यासारखा शेतकरी कार्यकर्ता उभा केला. त्यांच्या प्रचारात कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकणारा, देवराष्ट्रे गावचा एक विद्यार्थी हिरिरीने फिरत होता. त्याचे नाव यशवंतराव चव्हाण. आत्माराम बापू निवडून आले. कूपर यांच्या वर्चस्वाला शह देणारी पुढची पिढी या प्रचारात तयार झाली, आणि ती त्यांच्याच जुन्या मतदारांच्या घरांतून आली होती.

अशा वेळी त्यांनी गव्हर्नरचे बोलावणे स्वीकारले. मंत्रिमंडळात बॅरिस्टर जमनादास मेहता, हुबळी-धारवाडकडचे ब्राह्मणेतर पुढारी सर सिद्दप्पा कंबळी आणि हुसेनअली रहिमतुल्ला होते. १७५ जणांच्या विधानसभेत या चौघांमागे बहुमत नव्हते, आणि काँग्रेस निम्म्याच्या अगदी जवळ होती. त्यामुळे सभेला सामोरे जाण्याचा प्रसंग टाळणे भाग होते. असे मुंबईतच घडले असेही नाही. संयुक्त प्रांतात छतारीचे नवाब, बिहारात बॅरिस्टर महंमद युनूस, मध्य प्रांतात बॅरिस्टर राघवेंद्र राव आणि मद्रासेत जस्टिस पक्षाचे के. व्ही. रेड्डी नायडू, सगळीकडे अशीच हंगामी मंत्रिमंडळे बसली होती. या यादीत कायदा शिकलेले आणि जमीनदार बरेच आहेत. ओतशाळा चालवून आलेला मात्र एकच, साताऱ्याचा.

कूपर यांनी हे पद घ्यायला नको होते, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्राह्मणेतर पक्ष सरकारच्या आधाराने जगतो, असा आरोप विरोधक वर्षानुवर्षे करत होते. त्या पक्षाच्या सर्वांत ताकदवान माणसाने बहुमताविना खुर्चीवर बसून तो आरोप खरा करून दाखवला. त्याची किंमत चळवळीला मोजावी लागली. जूनच्या अखेरीस व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी खुलासेवजा निवेदन केले, जुलैत वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने मंत्रिपदे घ्यायचे ठरवले आणि १९ जुलै १९३७ रोजी बाळ गंगाधर खेर यांनी शपथ घेतली.

खेर मुंबईचे सॉलिसिटर, स्वतःची पेढी असलेले. त्यांच्या मंत्रिमंडळात गृहखाते कन्हैयालाल मुन्शी यांच्याकडे, तेही नामांकित वकील. अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे आले. लठ्ठे बेळगावला वकिली केलेले, कोल्हापूरचे दिवाण राहिलेले, मुळात ब्राह्मणेतर चळवळीतलेच. १९१४ मध्ये कोल्हापुरात राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण झाले. त्यात याच लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊराव पाटलांचा छळ झाला होता, आणि भाऊरावांनी साक्ष दिली नव्हती. ज्या चळवळीतून कूपर आले त्याच चळवळीतला दुसरा माणूस काँग्रेसच्या वाटेने सत्तेत पोचला, आणि तोही कायद्याच्या पेशातून. त्या काळी वकिलाला सरकारशी भांडूनही आपला धंदा चालवता येत असे. कारखानदाराला ते अवघड होते. त्याला रेल्वेचे डबे हवेत, कोकचा पुरवठा हवा, शेतकऱ्याच्या हातात तगाई हवी आणि शेतकी खात्याची शिफारसही हवी. या साऱ्याच्या वाटा सरकारी कचेरीतून जात. कूपर सरकारच्या बाजूला का राहिले, याचे सगळे उत्तर यात नाही, पण मोठा भाग आहे.

त्यानंतर राजकारणात त्यांना पुन्हा तशी जागा मिळाली नाही. १९४० मध्ये सातारा रोडचा कारखानाही वालचंद हिराचंद यांच्या समूहाकडे गेला. सोलापूरचे वालचंद त्याच सुमारास बंगळूरला विमानाचा कारखाना काढत होते, विशाखापट्टणमला जहाजबांधणीची तयारी करत होते. साखर कारखाने त्यांच्याकडे आधीच होते. बीड ओतणारी, यंत्रे घडवणारी तयार जागा आणि तयार हात त्यांना हवे होते, आणि ते सातारा रोडला मिळाले. कारखान्याचे नाव कूपर इंजिनिअरिंग असेच राहिले. नांगर आणि इंजिनांच्या जोडीला यंत्रे घडवणारी यंत्रेही तिथे होऊ लागली. कूपरचे शेपिंग मशीन देशभरातल्या जुन्या वर्कशॉपांत कितीतरी वर्षे चालत राहिले.

वालचंद समूहाचे नाव पुढे सांगलीतही आले. धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये तिथे न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढले होते. पैशाची ओढाताण कायमची. वालचंद यांचे १९५३ मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या स्मारक न्यासाने मदतीचा हात दिला आणि १९५५ मध्ये कॉलेजला वालचंदांचे नाव मिळाले. तोवर जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये दोन भाग झाले होते. दक्षिण सातारा वेगळा निघाला, आणि १९६० मध्ये तो सांगली जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. पाडळीच्या भट्टीवर पोरे जे काम हाताने चुकत-माकत शिकली, त्याची पदवी आता कृष्णेच्या खोऱ्यातच मिळू लागली.

सातारा रोडची कंपनी पुढे वालचंदनगर इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाली, तिथली ओतशाळा मात्र टिकली. कूपर घराण्याने साताऱ्यात दुसऱ्या कंपनीतून धंदा चालू ठेवला. सिलिंडर लायनरसारखे इंजिनाचे भाग बनवता बनवता या कंपनीने इंग्लंडच्या रिकार्डो या संस्थेच्या मदतीने पुन्हा स्वतःची इंजिने काढली. आज कूपर कॉर्पोरेशनची जनित्रे त्यांवर चालतात.